मोफत व्हिडिओंवरून शाळा-कॉलेजचं गणित पुन्हा शिकणे: कुठून सुरू करायचं, कुठे अडतं

समच्छेद

नोकरीत डेटाशी गाठ पडली, मुलगी दहावीत गेली, एखादी प्रवेश परीक्षा आली, किंवा तेव्हा गणित नीट कळलंच नव्हतं म्हणून आता कळून घ्यायचंय. कारण कुठलंही असो, पंचविशी-तिशीनंतर गणित पुन्हा हातात घेणारे पुष्कळ जण आहेत. फुकट उपलब्ध असलेलं साहित्य आज अव्वल दर्जाचं आहे. तरीही बरेच जण थोड्याच दिवसांत थांबतात, आणि त्याची कारणं ठरलेली असतात: सुरुवात चुकीच्या इयत्तेपासून होते, आणि व्हिडिओ बघितले जातात पण गणितं सोडवली जात नाहीत.

या धाग्यात आठवीच्या बीजगणितापासून कॅल्क्युलस (कलनशास्त्र) आणि लिनिअर अल्जेब्रा (रेषीय बीजगणित) यांच्यापर्यंतचंच बोलू. बाकीचे विषय आले तर शेवटी.

व्हिडिओ लावायच्या आधी कागद-पेन घेऊन हे दहा प्रश्न सोडवा. कॅल्क्युलेटर नाही, वेळ २५ मिनिटं. (चलासाठी क्ष आणि य लिहिलंय, ते एक्स-वाय समजा.)

१. ३/४ − ५/६ × २/५
२. −३² आणि (−३)², दोन्हींची किंमत
३. (२क्ष − ५)² चा विस्तार
४. क्ष² − ५क्ष − १४ चे अवयव
५. १/क्ष + १/(क्ष + २) एका छेदाखाली
६. ८ चा २/३ वा घात
७. √५० − √१८
८. ३ − २क्ष > ११ सोडवा
९. (२, ३) आणि (−१, ९) मधून जाणाऱ्या रेषेचा चढ आणि समीकरण
१०. किंमत १५ टक्क्यांनी उतरवली, मग नव्या किमतीवर १५ टक्के वाढवली. मूळ किमतीच्या तुलनेत फरक किती?

"हे येतं मला" असं म्हणून पुढे जाऊ नका. उत्तर कागदावर उतरलं तरच धरायचं.

वर्गमूळ

उत्तरं देतो. पण उत्तरापेक्षा चूक कुठली झाली ते बघा, तीच जास्त सांगून जाते.

१) ५/१२. उत्तर −१/३० आलं असेल तर गुणाकाराआधी वजाबाकी केली आहे, म्हणजे क्रियांचा क्रम कच्चा आहे. −१/३० सुद्धा आलं नाही, भलतंच काही आलं, तर अपूर्णांकच कच्चे आहेत. ते आधी.
२) −९ आणि ९. पहिल्यात घात फक्त ३ चा आहे, चिन्हाचा नाही.
३) ४क्ष² − २०क्ष + २५. ज्यांनी ४क्ष² + २५ किंवा ४क्ष² − २५ लिहिलं त्यांनी आठवीची विस्तार सूत्रं काढा.
४) (क्ष − ७)(क्ष + २).
५) (२क्ष + २) / क्ष(क्ष + २). २/(२क्ष + २) लिहिलं असेल तर ही चूक पुढे कॅल्क्युलसमध्ये हमखास अडवते, इथेच थांबून दुरुस्त करा.
६) ४. आधी घनमूळ २, मग वर्ग.
७) ५√२ − ३√२ = २√२. √३२ लिहिणारे नववीचं 'वास्तव संख्या' प्रकरण उघडा, करणी तिथे आहे.
८) क्ष < −४. ऋण संख्येने भागलं की चिन्ह उलटतं. आपल्या शालेय पुस्तकात असमानता फारशी नाही, त्यामुळे हा प्रश्न चुकणं अगदी साहजिक आहे. खान अकॅडमी या मोफत संकेतस्थळाच्या अल्जेब्रा १ कोर्समध्ये आहे.
९) चढ −२, समीकरण य = −२क्ष + ७. चढ दहावी भाग २ मधल्या निर्देशक भूमितीत आहे.
१०) ०.८५ × १.१५ = ०.९७७५, म्हणजे २.२५ टक्के कमी. "काहीच फरक नाही" हे उत्तर आलं तर शेकडेवारी पुन्हा.

१, २, ५ यांपैकी दोन चुकले तर कॅल्क्युलसचा विचार सध्या बाजूला ठेवा. नऊ-दहा बरोबर असतील तर दहावीची उजळणी करत बसू नका, सरळ अकरावीच्या पातळीला जा.

पारिजात

मला ही चाचणीची कल्पना तितकी पटत नाही. दहा प्रश्नांत सगळ्या खाचा सापडणार नाहीत. सातवी-आठवीपासून ओळीने गेलं तर काही राहत नाही. वेळ लागेल, पण पाया पक्का होईल.

समच्छेद

पारिजात, वेळ भरपूर असेल तर ओळीने जाण्यात चूक काहीच नाही. पण मोठ्या माणसाला सातवीचं तीन चतुर्थांश गणित येत असतं. येणाऱ्या गोष्टींचे व्हिडिओ बघताना लक्ष उडतं, वेग वाढवला जातो, आणि न येणारा एक भाग त्याच वेगात निसटतो. शिवाय कामधंदा सांभाळून रोज तास-पाऊण तास मिळणार. त्यातले पहिले दोन महिने येणाऱ्या गोष्टींवर गेले की उरलेला उत्साह कॅल्क्युलसला पोचत नाही.

मधला रस्ता आहे. प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला व्हिडिओ न बघता त्याची चाचणी द्यायची. खान अकॅडमीवर प्रत्येक युनिटला टेस्ट असते आणि पूर्ण कोर्सची ३० प्रश्नांची कोर्स चॅलेंजही असते. बालभारतीच्या पुस्तकात प्रकरणाअखेरचा संकीर्ण प्रश्नसंग्रह हेच काम करतो. जे सुटलं ते सोडून द्यायचं, जे अडलं त्याचाच व्हिडिओ लावायचा. ओळही सुटत नाही आणि वेळही जात नाही.

रेघोटी

आता व्हिडिओ बघायचा कसा. माझ्या मते या धाग्यातलं सगळ्यात महत्त्वाचं हेच.

समजा वर्गसमीकरण पूर्ण वर्ग पद्धतीने सोडवण्याचा व्हिडिओ आहे आणि शिक्षकाने फळ्यावर २क्ष² − ७क्ष + ३ = ० लिहिलं. तिथेच थांबवा. पुढची ओळ तुम्ही लिहा. क्ष² चा सहगुणक १ करायचा हे आठवलं तर क्ष² − (७/२)क्ष + ३/२ = ०. आता व्हिडिओ सुरू करून तेवढी एकच ओळ ताडून बघा, पुन्हा थांबवा. पुढची पायरी: ७/२ ची निम्मी ७/४, तिचा वर्ग ४९/१६. इथे बहुतेकांची गाडी अडते, कारण ७/२ ची निम्मी करताना ७/१ होते किंवा वर्ग करताना छेदाचा वर्ग राहून जातो. पुढे (क्ष − ७/४)² = ४९/१६ − २४/१६ = २५/१६, म्हणून क्ष − ७/४ = ±५/४, म्हणजे क्ष = ३ किंवा १/२. ± विसरलात तर एकच उत्तर मिळेल, आणि बघताना ते लक्षातही येणार नाही.

हेच उदाहरण सलग बघितलं तर सहा-सात मिनिटांत "कळलं" असं वाटतं. थांबत थांबत केलं तर वीस-पंचवीस मिनिटं लागतात आणि आपली नेमकी चूक कुठल्या ओळीत आहे ते हाती लागतं.

व्हिडिओ संपल्यावर तो बंद करून तेच उदाहरण कोऱ्या पानावर पहिल्यापासून. मग त्याच जातीची पाच नवी. पाचापैकी चार न बघता सुटली तर पुढे. तीन किंवा कमी सुटली तर तोच व्हिडिओ परत बघण्याऐवजी दुसऱ्या शिक्षकाचा लावा. पहिल्याचंच बोलणं दुसऱ्यांदा ऐकलं की ओळखीचं वाटतं, आणि ओळखीचं वाटणं म्हणजे येणं नव्हे.

रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग यासाठी पाहण्यासारखा आहे. उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांनी पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत बाजी मारली, पण आठवड्यानंतर पुढे होते ते वाचून झाल्यावर आठवून लिहिणारे. व्हिडिओ परत बघणं हे पुन्हा वाचण्यासारखंच.

कैरी

१.५ किंवा २ च्या वेगाने बघितलं तर चालतं का? लेक्चर तासा-तासाची असतात, नाहीतर उरकतच नाही.

रेघोटी

वेग वाढवायचा तो शिक्षक बोलत असतो तेव्हा. गणित फळ्यावर उतरत असतं तेव्हा नाही. प्रस्तावना, मागच्या तासाची उजळणी, इतिहास हे १.५ ने खुशाल बघा. उदाहरण सुरू झालं की १ वर, आणि सिद्धता असेल तर ०.७५ सुद्धा वाईट नाही. संगणकावर यूट्यूबला के दाबलं की थांबतं, जे ने दहा सेकंद मागे, एल ने दहा सेकंद पुढे, आणि थांबलेलं असताना स्वल्पविराम-पूर्णविरामाच्या कळांनी एकेक फ्रेम सरकते. फळा पुसण्याच्या आधीची नेमकी चौकट पकडायला शेवटचं फार उपयोगी. मोबाइलवर पडद्याच्या डाव्या-उजव्या बाजूला दोनदा टिचकी मारली की दहा सेकंद मागेपुढे.

ऑटोप्ले बंद ठेवा. एक व्हिडिओ संपून आपोआप दुसरा सुरू झाला की मधली पाच उदाहरणं कधीच होत नाहीत.

वर्गमूळ

खान अकॅडमी वापरणाऱ्यांसाठी तिथली पातळ्यांची पद्धत समजून घेणं गरजेचं आहे, नाहीतर गुण वाढताना दिसतात आणि गणित येत नसतं.

सरावसंचात ७० टक्के बरोबर आले की 'फॅमिलियर', सगळे बरोबर आले की 'प्रोफिशियंट'. 'मास्टर्ड' मात्र सरावसंचातून मिळत नाही. त्यासाठी युनिट टेस्ट किंवा कोर्स चॅलेंजमध्ये ते कौशल्य पुन्हा बरोबर यावं लागतं. गुण अनुक्रमे ५०, ८० आणि १००. टेस्टमध्ये चुकलं तर पातळी एकाने खाली येते. हे बघून लोक टेस्ट टाळतात, तर तसं करू नका. खाली आलेली पातळी म्हणजे पुढच्या आठवड्याच्या अभ्यासाची यादी तुम्हाला तयार मिळाली.

दोन गोष्टी चुकतात. एक, हिंट उघडली की तो प्रश्न चूक धरला जातो. म्हणून लोक हिंट न उघडता पर्यायांतून अंदाज लावतात. उलट करा. अडलात तर हिंट उघडा, पूर्ण वाचा, संच गेला तर गेला, नवा संच परत मिळतोच. दुसरी, प्रश्न एकाच साच्याचे येतात. चार प्रश्नांत साचा कळतो आणि हात यंत्रासारखा चालायला लागतो. त्यामुळे आठवड्यातून एकदा पुस्तकातली मिश्र गणितं हवीतच, जिथे कुठली पद्धत वापरायची हे प्रश्न सांगत नाही.

मोठ्यांसाठी क्रम: प्री-अल्जेब्रा (पहिले दोन प्रश्न चुकले असतील तर त्याआधी अरिथमेटिक), मग अल्जेब्रा १, अल्जेब्रा २, ट्रिगनॉमेट्री, प्रीकॅल्क्युलस. अल्जेब्रा १ वर सर्वाधिक वेळ द्या, घाई नको.

पारिजात

पुस्तकाचा विषय निघालाच आहे तर: ई-बालभारतीच्या साइटवर राज्य मंडळाची पुस्तकं पीडीएफमध्ये मोफत आहेत. आठवीचं गणित, आणि नववी-दहावीचे भाग १ व भाग २ उतरवून ठेवा. सरावसंच लहान आहेत, उत्तरसूची मागे आहे, आणि मराठी माध्यमातून शिकलेल्यांना भाषा ओळखीची. व्हिडिओ कोणाचाही बघा, गणितं इथली करा.

दहावी भाग १ मध्ये पहिली तीन प्रकरणं (दोन चलांतील रेषीय समीकरणे, वर्गसमीकरणे, अंकगणिती श्रेढी) कसून करा. अर्थनियोजन पुढच्या गणितासाठी सोडलं तरी चालेल. संभाव्यता आणि सांख्यिकी डेटाकडे जाणाऱ्यांनी सोडू नये. भाग २ मधलं समरूपता, पायथागोरस, निर्देशक भूमिती, त्रिकोणमिती हवंच. रचना सोडा.

कैरी

मराठी माध्यमातून शिकल्यावर इंग्रजी व्हिडिओत पहिला आठवडा शब्दच कळत नाहीत. यावर काय करावं?

पारिजात

वहीच्या शेवटच्या पानावर जोड्या लिहायच्या आणि उदाहरणासकट. नुसता शब्द पाठ होत नाही. फॅक्टर म्हणजे अवयव: १२ चे ३ आणि ४. कोइफिशियंट म्हणजे सहगुणक: ७क्ष मधला ७. डिस्क्रिमिनंट म्हणजे विवेचक: वरच्या रेघोटीच्या समीकरणात ४९ − २४ = २५. स्लोप म्हणजे चढ, रूट म्हणजे मूळ, सर्ड म्हणजे करणी, सिमिलर म्हणजे समरूप आणि काँग्रुअंट म्हणजे एकरूप. शेवटची जोडी उलटसुलट होते आणि भूमितीचं अख्खं उदाहरण फिरतं. साठ-सत्तर शब्दांत दहावीपर्यंतचं काम भागतं.

इंग्रजी कॅप्शन सुरू ठेवा. पण आपोआप तयार झालेली कॅप्शन गणिती चिन्हांत गोंधळ घालतात, समीकरण नेहमी फळ्यावरूनच उतरवा.

घातांक

कॅल्क्युलसबद्दल लिहितो. "लिमिट (क्ष एखाद्या संख्येजवळ सरकताना राशी जिकडे जाते ती किंमत) कळत नाही" म्हणणाऱ्या दहातल्या बहुतेकांना लिमिट कळलेलं असतं, अडतं बीजगणितावर.

१/क्ष चं डेरिव्हेटिव्ह (बदलाचा दर) व्याख्येवरून काढायचं उदाहरण घ्या. वर १/(क्ष + ह) − १/क्ष, खाली ह (ह म्हणजे क्ष मधली छोटीशी वाढ). आधी वरच्या दोन अपूर्णांकांचा छेद समान करायचा: [क्ष − (क्ष + ह)] / क्ष(क्ष + ह). कंस न लिहिणाऱ्यांचं इथे क्ष − क्ष + ह होऊन उत्तराचं चिन्ह उलटं येतं. कंस ठेवला तर वर −ह उरतो, खालच्या ह शी जातो, आणि राहतं −१ / क्ष(क्ष + ह). आता ह शून्याकडे नेला की −१/क्ष². या सगळ्यात लिमिट शेवटच्या अर्ध्या ओळीत आहे. बाकी सगळं समच्छेद यांच्या यादीतला पाचवा प्रश्न.

(क्ष² − ९)/(क्ष − ३) चंही तसंच. क्ष ला ३ टाकून ०/० आलं की लोक "उत्तर नाही" लिहितात. अवयव पाडले की क्ष + ३ उरतं, लिमिट ६.

आणखी तीन चुका वारंवार दिसतात:

√(क्ष² + ९) ला क्ष + ३ लिहिणं. क्ष = ४ टाकून बघा: एकीकडे ५, दुसरीकडे ७.

क्ष² = ५क्ष मध्ये दोन्ही बाजूंना क्ष ने भागणं. क्ष = ० हे उत्तर हरवतं. सगळं एका बाजूला आणून अवयव पाडा.

चेन रूलमध्ये (कंसाच्या आत आणखी एक राशी असते तेव्हा) आतलं डेरिव्हेटिव्ह विसरणं. (३क्ष² + १)⁵ चं उत्तर ५(३क्ष² + १)⁴ नाही, त्याला ६क्ष ने गुणायचंय, म्हणजे ३०क्ष(३क्ष² + १)⁴. सवय लागेपर्यंत आतल्या भागाभोवती पेन्सिलीने चौकट काढा.

साहित्य: एमआयटी ओपनकोर्सवेअरवर (एमआयटी विद्यापीठाचे मोफत कोर्स) डेव्हिड जेरिसन यांचा १८.०१ हा कॅल्क्युलसचा कोर्स आहे. त्याची 'स्कॉलर' आवृत्ती घ्या, तिच्यात व्याख्यानांचे तुकडे, वेगळे उदाहरण-व्हिडिओ, गृहपाठ, परीक्षा आणि उत्तरं एकाच ठिकाणी आहेत. सावकाश शिकायचं असेल तर यूट्यूबवरचे प्रोफेसर लेनर्ड. त्यांचे तास लांबलचक आहेत, पण एकही पायरी गाळत नाहीत, आणि ज्याचं बीजगणित डळमळीत आहे त्याला ते जेरिसनपेक्षा जास्त मानवतील. गणितांसाठी पॉल्स ऑनलाइन नोट्स: प्रत्येक सरावाचं पायरीवार उत्तर दिलेलं आहे. तिथेच नेहमीच्या गणिती चुकांवर एक स्वतंत्र टिपण आहे. कॅल्क्युलस सुरू करण्याआधी ते पूर्ण वाचून काढा.

छापील पुस्तकासारखं काही हवं असेल तर राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्सचं तीन खंडांचं कॅल्क्युलस मोफत पीडीएफ आहे.

त्रिज्या

लिनिअर अल्जेब्राला बहुतेक जण थ्रीब्लूवनब्राउन या यूट्यूब चॅनेलच्या मालिकेपासून सुरुवात करतात. ग्रँट सँडरसन यांची ती २०१६ ची मालिका सुंदरच आहे, चित्र डोळ्यांसमोर उभं राहतं. पण तिच्यात सराव नाही. पूर्ण मालिका बघून झालेल्याला तीन समीकरणांची प्रणाली हाताने सोडवता येत नाही असं सर्रास दिसतं. तिच्यातला एक भाग बघा आणि लगेच गिल्बर्ट स्ट्रँग यांच्या १८.०६ या एमआयटीच्या लिनिअर अल्जेब्रा कोर्समधला त्याच विषयाचा तास घ्या. ते तास १९९९ मध्ये चित्रित झालेत, खडू-फळ्यावर, प्रत्येकी पाऊण तासाच्या आसपास, एकूण ३४. चित्र जुनाट दिसतं म्हणून सोडू नका.

पहिल्याच तासात दोन समीकरणं आहेत: २क्ष − य = ० आणि −क्ष + २य = ३. दोन रेषा काढून छेदबिंदू (१, २) मिळतो, हे सगळ्यांना शाळेतून येतं. मग ते स्तंभांचं चित्र काढतात: क्ष च्या सहगुणकांचा एक बाण, य च्या सहगुणकांचा दुसरा. त्यांनी बोलायला सुरुवात करताच थांबवा आणि आलेखाच्या कागदावर स्वतः काढा: (२, −१) हा बाण एकदा, त्याच्या टोकापासून (−१, २) हा बाण दोनदा. टोक (०, ३) वर येतं का बघा. 'किती घेऊ म्हणजे तिथे पोचेन' हा प्रश्न हाताने काढून कळला की पुढचे दहा तास सोपे जातात. हा टप्पा डोळ्यांखालून घातला तर स्तंभ-अवकाश (स्तंभांच्या पटी जोडून जिथे जिथे पोचता येतं ते सगळं) आला की सगळं निसटतं.

एलिमिनेशन (एकेक चल काढत समीकरणं सोडवणं) किमान पंधरा वेळा हाताने करा, तीन बाय तीन. त्यात दोन तरी अशी घ्या जिथे पिव्हट (ज्या सहगुणकाच्या आधाराने खालचे सहगुणक शून्य करायचे तो) शून्य येतो आणि ओळी बदलाव्या लागतात. मगच संगणकाकडे जा.

कैरी

एनपीटेलचं (आयआयटी-आयआयएससीचे ऑनलाइन कोर्स) कोणी सांगितलं नाही. प्रमाणपत्रही मिळतं ना?

घातांक

मिळतं, पण ते परीक्षा दिली तरच. कोर्सला नाव नोंदवणं, व्हिडिओ आणि साप्ताहिक असाइनमेंट मोफत; फी परीक्षेची. गुणांत असाइनमेंटचे २५ आणि परीक्षेचे ७५. उत्तीर्ण व्हायला २५ पैकी १० आणि ७५ पैकी ३० दोन्ही लागतात, एकाची कमी दुसऱ्याने भरून निघत नाही. बारा आठवड्यांच्या कोर्सला उत्तम आठ असाइनमेंट धरतात, आठ आठवड्यांच्या कोर्सला उत्तम सहा.

एनपीटेलचे कोर्स इंजिनिअरिंग आणि पदवीच्या पातळीचे आहेत. दहावी विसरलेल्याने तिथून सुरुवात करू नये. दुसरं, असाइनमेंटला मुदत असते. ज्यांना स्वतःहून नेट लावून बसणं जमत नाही त्यांना हीच मुदत उपयोगी पडते. तारखेची भानगड नको असेल तर जुन्या सत्रांचे व्हिडिओ यूट्यूबवर आहेतच.

शालेय प्रमाणपत्रच हवं असेल तर ती गोष्ट वेगळी. राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी-बारावी देता येते, किंवा एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था. व्हिडिओ तिथे फक्त अभ्यासापुरते.

रेघोटी

वेळापत्रक कोणी विचारलं नाही तरी लिहिते, कारण गाडी इथेच घसरते. आठवड्याला पाच दिवस, रोज पाऊण ते एक तास. पहिली दहा मिनिटं कालची दोन गणितं कोऱ्या पानावर. मग दहा-पंधरा मिनिटं व्हिडिओ, त्याहून जास्त नाही. उरलेला सगळा वेळ सराव. सहाव्या दिवशी नवीन काही नाही, फक्त मिश्र गणितं. रविवारी सलग चार तास बसण्यापेक्षा हे कितीतरी जास्त टिकतं.

सुटलेलं गणित परत कधी करायचं: दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने, मग महिन्याने. अँकी हे उजळणीच्या कार्डांचं ॲप वापरायचं असेल तर संगणकावर आणि अँड्रॉइडवर मोफत आहे. रोजच्या नव्या कार्डांची मूळ मर्यादा वीस असते, ती पाच-सहावर आणा, नाहीतर पंधरवड्यात उजळणीचा ढीग साचतो. सूत्रांची कार्डं करण्याऐवजी "या प्रश्नात पहिली पायरी कोणती?" अशी करा. उदाहरणार्थ पुढे √५० − √१८, मागे "दोन्हींतून √२ बाहेर".

चुकांची वेगळी वही ठेवा. प्रश्न, चुकलेली ओळ, आणि चुकीचा प्रकार: चिन्ह, छेद, सूत्र, की प्रश्नच नीट वाचला नाही. पंधरा-वीस नोंदी झाल्या की बहुधा एकच प्रकार पानोपानी दिसायला लागतो. मग फक्त त्यावर आठवडा घालवा.

त्रिज्या

नेट कमी असलेल्यांसाठी: फळ्यावरचं गणित ३६० पीवर स्पष्ट वाचता येतं, ७२० ची गरज सहसा पडत नाही आणि डेटा कितीतरी कमी जातो. ओपनकोर्सवेअरचे व्हिडिओ उतरवून ठेवायची अधिकृत सोय आहे. आलेखासाठी डेसमॉस किंवा जिओजेब्रा, दोन्ही मोफत. पण आधी आलेख हाताने, मग तिथे ताडून.

पारिजात

भौतिकशास्त्राला हीच पद्धत चालेल का?

समच्छेद

गणिताचा भाग असेल तिथे हीच. संकल्पनांना आणखी एक पायरी लागते. व्हेरिटॅसियम चॅनेल चालवणारे डेरेक मुलर यांनी २००८ च्या पीएचडीत नेमकं हेच तपासलं होतं. नेटकं, स्पष्ट समजावणारे व्हिडिओ विद्यार्थ्यांना आवडले, आत्मविश्वास वाढला, पण चाचणीचे गुण जवळजवळ होते तिथेच राहिले. ज्या व्हिडिओंत चुकीची समजूत आधी बोलून दाखवून मग खोडली होती ते गोंधळाचे वाटले, डोक्याला ताण पडला, आणि गुण त्यांनीच वाढवले. कारण असं की आपण मनात जी समजूत घेऊन बसतो तीच व्हिडिओत ऐकू आल्यासारखी वाटते.

म्हणून व्हिडिओ लावण्याआधी आपलं उत्तर लिहून ठेवा. सरळ वर फेकलेला चेंडू सर्वोच्च बिंदूला असताना, हवेचा विरोध धरला नाही तर, त्यावर कुठली बलं आहेत आणि त्वरण किती? "वेग शून्य, म्हणून त्वरणही शून्य" असं लिहिलं असेल तर ते खोडू नका, तसंच राहू द्या. व्हिडिओ बघून झाल्यावर त्याच्याखाली लाल पेनाने लिहा: बल फक्त गुरुत्वाकर्षणाचं, त्वरण ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग, खालच्या दिशेने, चेंडू वर जाताना, वर असताना आणि खाली येतानाही तेवढंच. मग हाच प्रश्न उतारावरून वर ढकललेल्या गाडीसाठी लिहून काढा, घर्षण न धरता. तिथे त्वरणाची किंमत बदलते, पण शिखराशी ते शून्य होतं का, हे आधी स्वतः ठरवून मग व्हिडिओ लावा.